उन्हाळ्यात आपले गाव कसे पाहावे : वाईच्या उदाहरणाने क्रमवार मार्गदर्शन

सुट्टीत गावी आलेली मंडळी हल्ली देवळांची, वाड्यांची आणि वीरगळांची (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांची) भरपूर छायाचित्रे काढतात, आणि त्यांतली बरीचशी पुढे कोणाच्याच उपयोगाची राहत नाहीत. भर दुपारी काढलेले सपाट चित्र, अक्षरे उठून दिसावीत म्हणून खडू फासलेला शिलालेख, खाली ‘पेशवेकालीन’ एवढीच ओळ, आणि दगड कोणत्या आळीत आहे याचा पत्ता नाही, असे वारंवार दिसते. चूक हौसेची नाही, ती क्रमाची आहे. आपण आधी नाव देतो, मग फोटो काढतो आणि बघायचे राहूनच जाते. हा क्रम उलटा करायचा आहे : आधी प्रकाश, मग नजर, मग वही, मग फोटो, मग माणसे, आणि नाव सर्वांत शेवटी. उदाहरणे मी वाई आणि परिसरातली घेतली आहेत. रीत कोणत्याही गावाला लागू पडेल.

१. आदल्या आठवड्याची तयारी

संपूर्ण गाव एका सुट्टीत पाहण्याचा संकल्प करू नये. एक आळी, एक घाट किंवा एक वाडी एवढीच निवड करावी आणि तिच्यात किमान चार सकाळी घालवाव्यात. वाईत कृष्णेकाठी गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि भीमकुंड असे सात घाट आहेत. पहिल्या उन्हाळ्यात त्यांतला एकच घ्या.

निवडलेल्या भागाचा हाताने काढलेला नकाशा वहीच्या पहिल्या पानावर असावा. त्यात उत्तर दिशा दाखवावी, देऊळ, पार, विहीर, जुना वाडा आणि मोठी झाडे यांच्या जागा ठोकळमानाने मांडाव्यात आणि प्रत्येक जागेला क्रमांक द्यावा. पुढच्या सगळ्या नोंदी याच क्रमांकांनी होतील.

पिशवीत पुठ्ठ्याच्या बांधणीची वही, दोन पेन्सिली, शिंप्याची कापडी टेप, छोटा टॉर्च, हातात मावेल एवढा आरसा, होकायंत्र, पाणी आणि डोक्याला टोपी किंवा पंचा असावा. लोखंडी टेप नको, कारण कोरीव कडांवर तिचे ओरखडे उठतात. खडू, तेल, पीठ, तारेचा ब्रश आणि शेंदूर खरवडण्यासाठी चाकू या वस्तू घरीच ठेवायच्या आहेत. त्या सोबत असल्या की वापरण्याचा मोह होतो.

परवानगीचे काम याच आठवड्यात उरकावे. खासगी वाड्यात मालकांना आणि देवळात पुजारी किंवा विश्वस्तांना आधी भेटून आपण काय पाहणार, किती वेळ थांबणार आणि फोटो काढणार की नाही, हे स्पष्ट सांगावे. दारात उभे राहून ‘जरा बघून जातो’ म्हणणाऱ्याला लोक आत घेतात, परंतु माजघरापर्यंत कोणी नेत नाही.

*तपासणी : नकाशावर उत्तर दिशा आहे का? प्रत्येक जागेला क्रमांक दिला आहे का? ज्यांच्या घरी जायचे, त्यांना वार आणि वेळ कळवली आहे का?*

२. प्रकाशाचे वेळापत्रक

सर्वाधिक चुका या टप्प्यावर होतात, म्हणून त्यावर थोडे थांबू. कोरीव काम उजेडाने दिसत नाही, ते सावलीने दिसते. ऊन दगडावर समोरून पडले की खोलगट आणि उंच भाग सारखेच उजळतात आणि आकृती पुसल्यासारखी होते. तेच ऊन बाजूने, दगडाला जवळजवळ घासून आले की अर्ध्या दोऱ्याची रेघसुद्धा सावली टाकते.

उन्हाळ्याचा खरा लाभ इथे आहे. २१ मार्चनंतर सूर्य नेमक्या पूर्वेच्या उत्तरेला उगवू लागतो आणि मेच्या मध्यात आपल्याकडे तो पूर्वेपासून सुमारे २० अंश उत्तरेकडे सरकलेला असतो. त्यामुळे हिवाळ्यात ज्यांना ऊन शिवतही नाही, त्या उत्तराभिमुख भिंतींवर सकाळी आणि संध्याकाळी तिरपे ऊन पडते. देवळाच्या उत्तरेकडच्या भिंतीवरचे शिल्प, प्रनाळाचे (गाभाऱ्यातले पाणी बाहेर नेणाऱ्या पन्हळीचे) मकरमुख, वाड्याच्या उत्तर दरवाजाची गणेशपट्टी (चौकटीवरची गणपती कोरलेली पट्टी) हे सर्व पाहण्याचा हाच हंगाम आहे.

दिशेनुसार वेळा अशा धराव्यात. उत्तराभिमुख भिंत : सूर्योदयानंतर पंधरा मिनिटांनी सुरुवात करून आठपर्यंत, किंवा संध्याकाळी साडेपाचनंतर. पूर्वाभिमुख भिंत : सकाळी लवकर गेलात तर ऊन समोरून येते आणि कोरीव काम सपाट दिसते, म्हणून अकरा ते बारा, जेव्हा प्रकाश वरून घासून उतरतो. पश्चिमाभिमुख भिंत : दुपारी एक ते अडीच. दक्षिणाभिमुख भिंत : मेच्या उत्तरार्धात तिच्यावर ऊन पडतच नाही, ती मार्गशीर्ष-पौषासाठी राखून ठेवावी आणि वहीत तसे लिहावे.

कायम सावलीत असलेल्या दगडासाठी आरसा वापरावा. सोबतीच्या माणसाने उन्हात उभे राहून आरशाने कवडसा पाडावा आणि तो दगडावर बाजूने, अगदी घसटता आणावा. ही युक्ती दगडापुरतीच आहे. रंगीत भित्तिचित्रांवर, पाखरांच्या घरट्यांवर आणि लोकांच्या घरात कवडसा टाकू नये.

*सावधान : दुपारच्या वेळा लिहिल्या आहेत त्या फक्त पंधरा-वीस मिनिटांच्या कामासाठी. मुले आणि वयस्क सोबत असतील तर अकरानंतरची कामे गाळावीत.*

३. लांबून, रिकाम्या हातांनी

जागेवर पोचल्यावर पहिली दहा मिनिटे फोन आणि वही दोन्ही पिशवीतच राहू द्यावीत. वस्तूपासून तिच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर उभे राहावे आणि तीन प्रश्नांची उत्तरे मनाशी शोधावीत : ही वस्तू कोणत्या दिशेला तोंड करून आहे, ती मूळ जागीच आहे की कोठून आणून ठेवली आहे, आणि तिचा आकार असाच का आहे?

तिसऱ्या प्रश्नाचे मोल ढोल्या गणपतीच्या देवळात कळते. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलेल्या या देवळात बहुतेक लोक पुढून जातात, दर्शन घेतात आणि पुढूनच परततात. देवळाची मागची बाजू माशासारखी निमुळती आहे, आणि कृष्णेला पूर आला की पाण्याचा लोंढा त्या निमुळत्या टोकावर दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जातो. हे समजायला देवळाला पूर्ण वळसा घालावा लागतो आणि नदीच्या बाजूने लांबून पाहावे लागते. उन्हाळ्यात पाणी उतरलेले असल्याने घाटाच्या खालच्या पायऱ्यांवरून ते नीट दिसते.

*सावधान : वरच्या अंगाला धोम धरण आहे. आवर्तन सुटले की पात्रातले पाणी थोड्या वेळात चढते, म्हणून कोरड्या दिसणाऱ्या पात्रात मुलांना खेळत सोडू नये आणि उतरण्यापूर्वी घाटावरच्या माणसांना विचारावे.*

*सावधान : देवळाच्या कोपऱ्यांत आणि वडा-पिंपळाच्या फांद्यांना या दिवसांत आग्या मोहोळ असते. वर पाहिल्याशिवाय खाली उभे राहू नये, आणि अत्तर लावून किंवा धूर करून त्याच्याजवळ जाऊ नये.*

४. जवळून : वाचण्याचा क्रम

प्रत्येक वस्तूला तिचा स्वतःचा वाचनक्रम असतो, आणि तो चुकला की अर्थही चुकतो.

वीरगळ खालून वर वाचावा. सर्वांत खालच्या चौकटीत लढाई किंवा गाई पळवून नेण्याचा प्रसंग आणि पडलेला वीर असतो. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेत असतात. वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला असतो. आणि माथ्यावर कलश, चंद्र, सूर्य कोरलेले असतात. वाई तालुक्यातले किकली हे गाव वीरगळांसाठी ओळखले जाते. तिथे भैरवनाथाच्या देवळाभोवती एकामागून एक वीरगळ पाहिले की हा क्रम डोळ्यांत बसतो आणि मग आपल्या गावच्या पारावरचा झिजलेला दगडही वाचता येऊ लागतो. खालची चौकट मातीत गाडली गेली असेल तर माती उकरू नये. ‘खालचा भाग जमिनीत’ एवढीच नोंद करावी.

कोपरात दुमडलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला दिसला तर ती सतीशिळा. खाली गाढव आणि स्त्री, वर चंद्र-सूर्य असतील तर तो गधेगळ. दिलेले दान मोडणाऱ्याला घातलेली ती शापवाणी आहे. शिलाहार आणि यादव काळातल्या या दगडांवर बरेचदा लेखही असतो, म्हणून गधेगळ दिसला की मधली कोरी वाटणारी जागा तिरप्या प्रकाशात पुन्हा तपासावी.

वाड्याच्या दरवाजाकडे पाहताना उंबऱ्यापासून वर जावे : उंबरा, चौकटीच्या बाजू, कडी-कोयंडा, दिंडी (मोठ्या दारातले लहान दार) असल्यास दिंडी, मग गणेशपट्टी आणि शेवटी वरची नगारखान्याची किंवा सज्जाची लाकडे. आपण सवयीने गणपतीपाशीच थांबतो, आणि सुताराच्या हाताची ओळख पटवणारी वेलबुट्टी चौकटीच्या खालच्या भागात दुर्लक्षित राहते.

विहीर मात्र वरून खाली पाहावी. साताऱ्याजवळच्या लिंबची बारामोटेची विहीर (बांधकाम १७१९ ते १७२४) पाहायला गेलात तर आधी काठावरून मोटांच्या जागा मोजाव्यात, तिचा अष्टकोनी आकार आणि त्याला जोडलेली पायऱ्यांची वाट ध्यानात घ्यावी आणि नंतरच आत उतरावे. गावच्या साध्या विहिरीही मे महिन्यात तळ दाखवतात, आणि एरवी पाण्याखाली असणारे कोनाडे, दगडांवरच्या पाथरवटाच्या खुणा आणि क्वचित लेख त्या वेळी दिसतात. निसरड्या किंवा कठडा नसलेल्या विहिरीत उतरू नये, काठावरून पाहावे.

५. आधी रेखाटन, मग माप, मग फोटो

चित्र चांगले येत नाही म्हणून लोक ही पायरी वगळतात. रेखाटन दाखवण्यासाठी नसते, ते डोळ्याला थांबवण्यासाठी असते. आठ ओळींचे वेडेवाकडे चित्र काढतानासुद्धा घोड्याला लगाम आहे की नाही, वीराच्या हातात ढाल आहे की धनुष्य, हे ठरवावेच लागते. मी स्वतः पहिल्या वर्षी फक्त फोटो काढले होते, आणि घरी आल्यावर एकाही वीरगळाच्या खालच्या चौकटीत किती माणसे आहेत, हे मला सांगता आले नाही.

रेखाटनाशेजारी उंची, रुंदी आणि जाडी सेंटिमीटरमध्ये लिहावी. टेप दगडाला न टेकवता समोर धरावी.

मग फोटो, आणि तेही ठरलेल्या क्रमाने : पहिला परिसरासह, दुसरा समोरून संपूर्ण वस्तूचा, तिसरा बाजूने, आणि त्यानंतर बारकाव्यांचे. एका फोटोत मापपट्टी किंवा पेन्सिल ठेवावी, म्हणजे आकाराचा अंदाज राहतो. फ्लॅश दगडावर निरुपयोगी आहे, कारण तो समोरून पडतो.

*तपासणी : परिसराचा फोटो आहे का? नकाशावरचा क्रमांक वहीत आणि फोटोच्या नावात सारखाच आहे का?*

६. शिलालेख आणि भित्तिचित्रे : विशेष काळजी

देवनागरी लेख एका वेळी पूर्ण दिसत नाही. बाजूने येणारा प्रकाश काना आणि इतर उभ्या रेघा दाखवतो, तर वरून येणारा प्रकाश शिरोरेषा आणि आडव्या रेघा दाखवतो. म्हणून तोच लेख दोन वेळा पाहावा आणि दोन्ही वेळचे फोटो ठेवावेत. संध्याकाळी काळोख पडल्यावर टॉर्च आधी डाव्या बाजूने आणि मग वरून घसटता धरला तरी हेच साधते. अक्षरे जशी दिसतात तशीच उतरवावीत. न कळलेल्या अक्षराच्या जागी टिंब द्यावे, अंदाजाने शब्द पूर्ण करू नये.

लेखात शक दिला असेल तर त्यात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो; पौष ते फाल्गुनातली तिथी बहुधा पुढच्या इसवी सनात जाते, तेव्हा ७९ मिळवावे लागतात. झिजलेल्या दगडावर १ आणि ९ यांची गल्लत नेहमी होते, आणि तिच्यावर एक खात्रीचा उपाय आहे. शकात १२ मिळवून ६० ने भागावे. पंचांगात वर्षांना साठ नावे आळीपाळीने येतात, त्यांना संवत्सर म्हणतात, आणि त्यांतले पहिले प्रभव. उरलेली बाकी म्हणजे प्रभवापासून मोजलेला संवत्सराचा क्रमांक, आणि बाकी शून्य आल्यास तो साठावा. शके १९४७ ला ३९ बाकी येते आणि एकोणचाळिसावा संवत्सर विश्वावसु. पंचांगात तेच नाव आहे. आता शके १६४१ वाचला तर संवत्सर तेहेतिसावा, म्हणजे विकारी यायला हवा, आणि १६४९ वाचला तर एक्केचाळिसावा, म्हणजे प्लवंग. लेखात संवत्सराचे नाव असेल तर आकडा लगेच पडताळता येतो. आकडा फारच लहान, दोन अंकी असेल तर तो राज्याभिषेक शक असू शकतो. त्याची सुरुवात १६७४ ची आहे.

खडू, पीठ किंवा तेल यांपैकी काहीही लेखाला लावू नये. खडूने अक्षर भरताना आपण आपले वाचन दगडावर लिहितो, आणि नंतर येणारा माणूस दगड न वाचता आपली चूक वाचतो. तेलावर धूळ बसून दगड काळा पडतो.

भित्तिचित्रांची गोष्ट आणखी नाजूक आहे. मेणवलीच्या नाना फडणवीसांच्या वाड्यातली चित्रे पाहताना, किंवा कोणाच्या घरातल्या भिंतीवर जुने रंग शिल्लक असतील तर, भिंतीला पाठ टेकू नये, पिशवी खांद्यावरून काढून पुढे धरावी आणि बोटाने दाखवताना वीतभर अंतर राखावे. ओल्या फडक्याने पुसल्यावर रंग क्षणभर उजळतात, म्हणून काही जण तसे करतात. मराठा काळातली बहुतेक चित्रे वाळलेल्या गिलाव्यावर रंगवलेली आहेत. पाण्याने त्यांचा रंग सुटतो आणि तो परत येत नाही.

७. दुपारची कामे

अकरा ते पाच हा वेळ सावलीतल्या कलांचा. कुंभारवाड्यात या दिवसांत माठांचे काम जोरात असते, कारण पावसाळ्यात भांडी वाळत नाहीत. चाकावरून उतरलेले मडके थापीने ठोकून फुगवले जाते. आतून आधार देणारा हात आणि बाहेरून पडणारी थापी यांची लय पाहावी, आणि आवा (मडकी भाजण्याची भट्टी) कधी लावणार हे विचारून त्या दिवशी पुन्हा जावे. अक्षय्य तृतीयेच्या आधी गेलात तर करा-केळी (त्या सणाला लागणारी मातीची लहान भांडी) घडताना दिसतील. बुरुडांकडे सूप, रोवळी आणि दुरडी यांच्या विणी वेगळ्या का, हे विचारावे. कामाच्या वेळी गेलो असलो तर एक वस्तू विकत घ्यावी आणि घासाघीस करू नये.

मे महिन्यात ११-१२ तारखेच्या सुमारास वाईला सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि दुपारी साडेबाराच्या आसपास उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली नाहीशी होते. अंगणात सपाट जागी एक सरळ नळी किंवा डबा ठेवावा, तो उभा आहे याची ओळंब्याने खात्री करावी आणि सव्वाबारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करावी. दीपमाळेवर हा प्रयोग फसतो, कारण ती वर निमुळती असते आणि तिचे हात बाहेर आलेले असतात. पुणेकरांना हाच दिवस दोन-एक दिवस पुढे मिळतो, कोल्हापूरकरांना आठवडाभरापूर्वी नाही तरी चार-पाच दिवस आधी.

८. माणसांना विचारणे

पाहून झाल्यावरच विचारावे, म्हणजे प्रश्न नेमके होतात. ‘या दगडाचा इतिहास काय?’ असे विचारले की ऐकीव गोष्ट मिळते. ‘आजी, तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा हा दगड इथेच होता का? याला शेंदूर कोण लावतं? याच्यापुढे नारळ कधी फोडतात?’ असे विचारले की माहिती मिळते. गावात त्या दगडाला जे नाव आहे ते जसेच्या तसे लिहावे. वीरगळाला कुठे म्हसोबा म्हणतात, कुठे वेताळ, आणि ते चुकीचे म्हणून दुरुस्त करणे हे आपले काम नाही. तो पुजेचा देव आहे, आणि आपण पाहुणे आहोत.

सांगणाऱ्याचे नाव वहीत लिहिण्यापूर्वी त्यांना विचारावे, आणि पाहिलेले व ऐकलेले या दोन नोंदी वेगवेगळ्या रकान्यांत ठेवाव्यात.

९. नाव सर्वांत शेवटी

मेणवलीच्या घाटावरच्या देवळातली मोठी घंटा पाहा. पेशवाईतला घाट, नानांचे गाव, देवळातली घंटा. नाव आधी द्यायचे तर ‘पेशवेकालीन घंटा’ हेच सुचेल. परंतु जवळून पाहिले तर तिच्यावर बाळ येशूसह मेरीची आकृती आणि १७०७ हे साल आहे. १७३९ च्या वसईच्या मोहिमेनंतर मराठ्यांनी आणलेल्या पोर्तुगीज घंटांपैकी ती एक आहे. जो आकृती पाहील, साल वाचील आणि मगच नाव देईल, त्याचीच नोंद बरोबर येईल.

म्हणून ‘काय दिसते’, ‘लोक काय म्हणतात’ आणि ‘माझ्या मते काय असावे’ हे तीन रकाने ठेवावेत. तिसरा रकाना पेन्सिलीने भरावा आणि खात्री नसेल तर रिकामा ठेवावा. ‘हेमाडपंती’ आणि ‘पांडवकालीन’ हे दोन शब्द तिथे येऊ लागले की पहिला रकाना पुन्हा वाचावा.

१०. नोंदीची राखण

सुट्टी संपण्यापूर्वी वहीची स्वच्छ प्रत तयार करावी आणि एक प्रत गावच्या वाचनालयात किंवा शाळेत द्यावी. उघड्यावर पडलेल्या सुट्या मूर्तींचे नेमके ठिकाण सर्वांना दिसेल असे प्रसिद्ध करू नये, कारण अशा मूर्ती चोरीला जातात. गाव आणि तालुका पुरेसा आहे. शंभर वर्षांहून जुन्या शिल्पांना १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो, म्हणून ती ‘सुरक्षित ठेवण्यासाठी’ घरी नेणेही योग्य नाही. शेत नांगरताना किंवा पाया खणताना काही वर आले तर ते न हलवता तलाठी किंवा तहसील कार्यालयात कळवावे.

वहीच्या शेवटच्या पानावर राहिलेल्या कामांची यादी असावी : दक्षिणेकडच्या भिंती, पाण्याखाली राहिलेला लेख, घरी नसल्यामुळे न भेटलेले काका. दक्षिणेकडच्या भिंतींसमोर डिसेंबरातल्या एखाद्या रविवारची तारीख आताच लिहून ठेवावी.